ग्लोमेरुलर आजारांवरचे पेपर नेमके सापडत का नाहीत

किडनीत केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचे गुंते असतात, प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख, त्यांना ग्लोमेरुलस म्हणतात. दिवसाला जवळपास 180 लिटर द्रव यांच्यातून गाळला जातो आणि त्यातला बहुतेक परत रक्तात ओढला जातो. ही चाळणी बिघडली की लघवीतून प्रोटीन जायला लागतं, कधी रक्त, पायावर चेहऱ्यावर सूज येते. पण हा एक आजार नाहीये, आयजीए नेफ्रोपॅथी, मेम्ब्रेनस, मिनिमल चेंज, एफएसजीएस, ल्युपस नेफ्रायटिस असं मोठं कुटुंब आहे आणि यातला एकेक आजार तसा कमीच दिसतो. म्हणून एखादा पेशंट समोर आला की डॉक्टरला स्वतःच्या अनुभवापेक्षा छापून आलेल्या रिसर्चवर जास्त भिस्त ठेवावी लागते, आणि तो रिसर्च शोधताना मोठी अडचण येते ती अशी.

पबमेड या मेडिकल पेपरच्या ऑनलाइन यादीवर करोडो पेपरची नोंद आहे, फुकट शोधता येतं. तिथे सरळ "ग्लोमेरुलर" टाका, ढिगाने पेपर येतील, पण त्यातले खूपसे आपल्या कामाचे नसतात. कारण किडनी किती काम करतेय ते मोजायचं जे माप आहे ना, ग्लोमेरुलर फिल्ट्रेशन रेट म्हणजे जीएफआर, ते हार्टच्या पेपरमध्ये असतं, डायबेटिसच्या असतं, औषधाचा डोस ठरवण्याच्या पेपरमध्येही असतं. म्हणजे जो शब्द सगळ्यात नेमका वाटतो तोच सगळ्यात जास्त कचरा घेऊन येतो!

मग वाटतं, "फिल्ट्रेशन रेट" असलेले पेपर वगळूनच टाकू की. हे अजिबात करू नका. आयजीए नेफ्रोपॅथीवर नवीन औषधाची ट्रायल झाली तर ते औषध चाललं की नाही हे बऱ्याचदा जीएफआर किती घसरला यावरूनही बघतात, त्यामुळे वगळायला गेलात तर सगळ्यात महत्त्वाच्या ट्रायलच हातातून जातील.

आता नावांचं बघा. मिनिमल चेंज आजाराला पूर्वी लायपॉइड नेफ्रोसिस म्हणायचे आणि पबमेडच्या विषयसूचीत, जिला मेश म्हणतात, अजूनही तेच जुनं नाव मुख्य म्हणून बसलंय. आयजीए नेफ्रोपॅथीला बर्जर डिसीजही म्हणतात. रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आणि किडनीलाही धरणाऱ्या वेगेनर्स ग्रॅन्युलोमॅटोसिसचं नाव 2011 मध्ये बदलून ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस झालं, म्हणजे फक्त नवीन नाव टाकलं तर त्याआधीचे पेपर हुकू शकतात. त्यात ल्युपस नेफ्रायटिसचे चांगले पेपर संधिवाताच्या जर्नलमध्ये निघतात, मुलांच्या नेफ्रोटिक सिंड्रोमचे (लघवीतून खूप प्रोटीन जाऊन सूज येते तो) बालरोगाच्या, म्हणून फक्त किडनीची जर्नलं चाळून भागत नाही.

यावर मला सगळ्यात आवडलेलं काम कॅनडातल्या संशोधकांचं आहे, 2012 साली आलेलं. त्यांनी शोधाचा फॉर्म्युला रक्ताच्या टेस्टसारखा तपासायचं ठरवलं. आधी सुमारे 23,000 पेपर माणसांनी पूर्ण वाचून ठरवलं की हा ग्लोमेरुलर आजाराचा आहे की नाही, हेच खरं उत्तर धरलं आणि मग शब्दांच्या वेगवेगळ्या जोड्या करून कुठली जोडी त्या उत्तराच्या जवळ जाते ते पाहिलं, पबमेड, ओव्हिड मेडलाइन आणि एम्बेस या मेडिकल पेपर शोधायच्या तिन्ही ठिकाणांसाठी. किती किचकट काम असेल विचार करा, पण याशिवाय "माझा सर्च चांगला आहे" असं कुणी म्हणालं तर त्याला काही आधार नाही.

टेस्टसारखंच इथेही दोन आकडे बघतात. कामाच्या पेपरपैकी किती पकडले ती सेन्सिटिव्हिटी, बिनकामाच्यांपैकी किती बरोबर बाहेर ठेवले ती स्पेसिफिसिटी. आता समजा 10,000 पेपर आहेत आणि त्यात कामाचे फक्त 300. दोन्ही आकडे 95 टक्के असलेला, म्हणजे ऐकायला झकास शोधाचा फॉर्म्युला लावला तर कामाचे 285 मिळतील, पण उरलेल्या 9,700 पैकी 485 उगाचच आत येतील. यादीत 770 पेपर आणि त्यातले निम्म्याहून जास्त फालतू! स्पेसिफिसिटी 98 टक्क्यांवर नेली तर फालतू 194 वर येतात आणि यादी वाचण्यासारखी होते. विषय जितका दुर्मीळ तितका स्पेसिफिसिटीतला एकेक टक्का भारी पडतो, हे गणित माझ्या मते शोधणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे.

अर्थात कुणासाठी शोधताय त्यावरही आहे. ओपीडीत दोन पेशंटच्या मधे शोधणाऱ्या डॉक्टरला मोजके पण नेमके पेपर हवेत. सगळ्या ट्रायल गोळा करून सिस्टिमॅटिक रिव्ह्यू लिहिणाऱ्याला मात्र एकही सुटलेला चालत नाही, तो हजार फालतू पेपरही चाळेल.

स्वतः शोधणार असाल तर मेशचा "ग्लोमेरुलोनेफ्रायटिस" घ्या, त्याच्या पोटात आयजीए, मेम्ब्रेनस, ल्युपस नेफ्रायटिस वगैरे आपोआप येतात. नेफ्रोटिक सिंड्रोम वेगळं जोडा. पण मेशवरच थांबू नका, कारण अगदी ताज्या पेपरला हे लेबल लागलेलं नसू शकतं, म्हणून तेच आजार टायटल आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्टमधल्या साध्या शब्दांनीही शोधा, जुनी नावं, शॉर्ट फॉर्म आणि हिमॅच्युरियासारख्या (लघवीतून रक्त जाणं) शब्दांची ब्रिटिश अमेरिकन दोन्ही स्पेलिंगं टाकून, आणि सगळं "ऑर"ने (OR, म्हणजे यातला कुठलाही शब्द असला तरी चालेल) जोडा.