ग्रँट, यूलिसीझ एस.

(२७ एप्रिल १८२२ – २३ जुलै १८८५). अमेरिकन यादवी युद्धातील उत्तरेचा सरसेनापती व अमेरिकेचा अठरावा राष्ट्राध्यक्ष. जन्म ओहायओ राज्यातील पॉइंट प्लेझंट येथे. वडील जेसी कातडी कमावण्याचा धंदा करीत.

त्याचे मूळ नाव हायरम यूलिसीझ ग्रँट. त्यात ‘एस’ कसा शिरला, याविषयी एकवाक्यता नाही. १८३९ मध्ये वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीसाठी त्याची शिफारस करताना काँग्रेस-सदस्य टॉमस हेमर याने ‘यूलिसीझ एस.’ असे लिहिले. आईचे माहेरचे आडनाव सिम्पसन असल्याने तेच मधले नाव असावे, असा त्याचा समज झाला असावा. हे स्पष्टीकरण बहुतेक चरित्रकार स्वीकारतात. एच. यू. जी. ही आद्याक्षरे जुळून इंग्रजीत ‘मिठी’ या अर्थाचा शब्द होतो, म्हणून ग्रँटने स्वतःच नावांचा क्रम उलटवला होता, अशीही एक आठवण सांगतात. परंतु तिने ‘एस’चा उलगडा होत नाही. या अक्षराचा अर्थ ‘काहीच नाही’, असे १८६४ मधील एका पत्रात त्याने स्वतः कळवले आहे. वर्गमित्र मात्र ‘यू. एस.’ म्हणजे ‘अंकल सॅम’ (अमेरिकेचे लोकप्रिय टोपणनाव) असे धरून त्याला ‘सॅम’ म्हणत.

१८४३ मध्ये ३९ जणांत एकविसावा येऊन तो उत्तीर्ण झाला. मेक्सिकन युद्धात (१८४६–४८) त्याच्याकडे मुख्यतः रसदीचे काम होते. १८५४ मध्ये त्याने लष्कर सोडले. राजीनाम्याच्या पत्रात कारण दिलेले नाही. मद्यपानामुळे त्याला राजीनामा द्यावा लागला, हा आरोप प्रामुख्याने नंतरच्या आठवणींवर उभा असल्याने तो जपूनच घ्यावा लागतो. पुढे शेती फसली आणि १८६० मध्ये तो गलीना (इलिनॉय राज्य) येथे वडिलांच्या चामड्याच्या दुकानात कामाला लागला.

यादवी युद्धात फोर्ट डॉनेल्सन (१८६२) येथे बिनशर्त शरणागती मागून त्याने नाव मिळवले. मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्ग शहराची मोहीम ही त्याची सर्वांत सफाईदार कामगिरी. एप्रिल १८६३ मध्ये रात्रीच्या अंधारात गलबते शत्रूच्या तोफांखालून काढून त्याने शहराच्या दक्षिणेला मिसिसिपी ओलांडली आणि पिछाडीच्या रसदीवर फारसे न विसंबता मुसंडी मारली. ४ जुलै रोजी शहर पडले. मार्च १८६४ मध्ये तो सरसेनापती झाला. कोल्ड हार्बरच्या हल्ल्यात झालेल्या प्राणहानीचा पश्चात्ताप त्याने पुढे स्वतः नोंदवला. ९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स येथे दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला, तेव्हा ली पूर्ण गणवेशात होता. ग्रँट साध्या शिपायाच्या अंगरख्यात, चिखलाने माखलेल्या बुटांनिशी आणि तलवारीविना. वसंतातील पेरणीसाठी लीच्या सैनिकांना आपापले घोडे नेण्याची मुभा त्याने दिली.

राष्ट्राध्यक्षपदाची कारकीर्द (१८६९–७७) सहकाऱ्यांच्या भ्रष्टाचाराने डागाळली; कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गुप्त संघटनेविरुद्धची कारवाई मात्र त्याच्या खाती जमा आहे. जगप्रवासात तो फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरला व मलबार पॉइंट येथील गव्हर्नरच्या निवासस्थानी राहिला. १८८४ मध्ये भागीदारीतील पेढी बुडून तो कफल्लक झाला. घशाच्या कर्करोगाने ग्रासलेला असताना त्याने आत्मचरित्र लिहून काढले व काही दिवसांतच मौंट मॅग्रेगर (न्यूयॉर्क राज्य) येथे त्याचे निधन झाले. ग्रंथाच्या विक्रीतून पत्नी जूलियाला सु. ४,५०,००० डॉलर मिळाले.