अँजेलिका रोझेआनु

अँजेलिका रोझेआनु (१५ ऑक्टोबर १९२१ – २१ फेब्रुवारी २००६) : रुमानियाच्या टेबल टेनिसपटू. १९५० ते १९५५ अशी सलग सहा वर्षे त्या महिला एकेरीच्या जगज्जेत्या होत्या. हा पराक्रम पुढे कोणत्याही महिला खेळाडूला साधलेला नाही.

जन्म बुखारेस्टमधील ज्यू कुटुंबात. माहेरचे आडनाव अ‍ॅडेलस्टाइन. लहानपणी लोहितांग ज्वरातून (स्कार्लेट फीवर) बऱ्या होत असताना भावाने त्यांना हा खेळ शिकवला. १९३६ साली, शाळकरी वयातच, त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. १९४० मध्ये मात्र ज्यूंना व्यायामशाळांची दारे बंद झाली आणि महायुद्धाच्या काळात त्यांचा स्पर्धात्मक खेळ थांबला. खेळाडूच्या भराची ही वर्षे अशी हिरावली गेली. पहिले जागतिक विजेतेपद त्यांनी बुडापेस्टला मिळवले तेव्हा त्या २८ वर्षांच्या होत्या, शेवटचे उत्रेख्तला मिळवले तेव्हा ३३ वर्षांच्या. त्यांची कारकीर्द जोखताना ही वये विसरून चालत नाही.

त्यांच्या खेळाचा पाया बचावाचा. टेबलापासून मागे सरकायचे, चेंडू खाली येऊ द्यायचा आणि बॅटने खालून कापत उलटी फिरकी देऊन तो परतवायचा. दाणेदार रबराच्या बॅटींच्या त्या जमान्यात असा चेंडू पुनःपुन्हा जोरात मारणे प्रतिस्पर्ध्याला दमवून टाकी. पण नुसते परतवत राहणे हा त्यांचा खेळ नव्हता. चेंडू जरा उंच आला की त्या पुढे येऊन फटका मारत.

त्यांचे तिसरे विजेतेपद मुंबईचे. फेब्रुवारी १९५२ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर आशियातील पहिली जागतिक स्पर्धा भरली. अंतिम सामन्यात त्यांनी हंगेरीच्या गिझी फार्कश यांना हरवले आणि फेरेंत्स शिदो यांच्या साथीने मिश्र दुहेरीही जिंकली. याच स्पर्धेत जपानच्या हिरोजी सातो यांनी जाड स्पंजाच्या बॅटने पुरुष एकेरी जिंकली. या बॅटवरून चेंडू आवाज न करता सुटे, त्यामुळे फटक्याच्या आवाजावरून अंदाज बांधणारे खेळाडू गोंधळले. महिलांचे सांघिक विजेतेपदही जपाननेच नेले. खेळ असा मुळापासून बदलू लागला असताना रोझेआनु यांनी आणखी तीन वर्षे एकेरी राखली, हे मला त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे यश वाटते. १९५६ मध्ये टोकियोला तोमी ओकावा जिंकल्या. तेव्हापासून महिला एकेरीचे जागतिक विजेतेपद आशियाबाहेर गेलेले नाही.

एकेरीची ६, सांघिक ५, महिला दुहेरीची ३ आणि मिश्र दुहेरीची ३ अशी त्यांची १७ जागतिक सुवर्णपदके आहेत. महिला दुहेरीतील १९५५ आणि १९५६ ची विजेतेपदे एला झेलर यांच्यासोबतची.

१९६० मध्ये त्या इस्रायलला स्थायिक झाल्या आणि पुढच्याच वर्षी तेथील मकाबिया या ज्यू खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत विजयी ठरल्या. त्यांचे निधन हैफा येथे झाले.