गोळीच्या पोटातला वायू

‘कधीच न वितळणारं अणुइंधन’ असा मथळा हल्ली अधूनमधून दिसतो. तापवलं तर सगळंच कधी ना कधी हात टेकतं, हे शाळेत शिकलेलं आपण मथळा वाचताना विसरतो. इंधनाला छळणारी गोष्ट वितळण्याआधीच, रोजच्या कामात सुरू होते.

अणुभट्टीतलं नेहमीचं इंधन म्हणजे युरेनियम डायऑक्साइडच्या जेमतेम सेंटिमीटरभर गोळ्या, झिर्कोनियमच्या बारीक नळीत एकावर एक रचलेल्या. या सिरॅमिकमधून उष्णता फार नाखुशीने वाहते. त्यामुळे गोळीचा गाभा हजार अंशांच्या वर आणि चार-पाच मिलिमीटरवरचा काठ पाचशेच्या आसपास!

विखंडनात अणूचे दोन तुकडे सुसाट सुटतात आणि दहा मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या, आतच थांबतात. वाटेत हजारो अणू जागचे उडतात. पण काही पिकोसेकंदांतच, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळात, बहुतेक अणू रिकाम्या जागा पटकावतात. अणूंची ही ओळीने मांडलेली रचना, म्हणजे स्फटिकजाल, स्वतःला सावरतं.

जालाला सावरता येत नाही तो झेनॉन वायू. तीन-चार विखंडनांमागे झेनॉन किंवा क्रिप्टॉनचा एखादा अणू तयार होतो. हे निष्क्रिय वायू कुणाशी जुळवून घेत नाहीत. आडदांड झेनॉनला तर जालात धड जागाही नसते. भटकत भटकत हे अणू नॅनोमीटरभर बुडबुड्यांत जमतात. तेवढ्यात विखंडनाचा नवा तुकडा येऊन बुडबुडा फोडतो, अणू पुन्हा जालात फेकले जातात, पुन्हा भटकंती. गोळी ज्या बारीक स्फटिककणांची बनलेली असते, त्यांच्या सीमेवर काही अणू पोचतात. तिथले बुडबुडे फुगत एकमेकांना भिडले की भुयार तयार होतं आणि वायू नळीत निसटतो. नळीत आधी हेलियम भरलेला असतो, तो उष्णता चांगली वाहून नेतो; झेनॉन त्या कामात अगदीच सुमार. म्हणून गोळी आणखी तापते, आणखी वायू सुटतो.

यावरचे उपाय एकाच शत्रूवर रोखलेले आहेत. क्रोमियम ऑक्साइड मिसळून स्फटिककण मोठे केले, की वायूला सीमा गाठायला लांब चालावं लागतं. युरेनियम नायट्राइड उष्णता झटपट बाहेर काढतं, पण गरम पाण्याशी त्याचं पटत नाही. ‘ट्रायसो’ या थरांनी मढवलेल्या इंधनाच्या सुमारे मिलिमीटरभर कणात सच्छिद्र कार्बनचा थर मुद्दाम वायूसाठी राखलेला असतो, बाहेर सिलिकॉन कार्बाइडचं कवच. १६०० अंशांच्या चाचण्यांत ते टिकलं आहे.

वर्षानुवर्षांचं नुकसान प्रयोगशाळेत तासांत घडवण्यासाठी संशोधक नमुन्यावर कणांना वेग देणाऱ्या त्वरकातून आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, मारा करतात. पण हे आयन काही मायक्रॉनच आत शिरतात, आणि त्या घाईत झेनॉनला भटकायला वेळच मिळत नाही. त्यामुळे नवं इंधन शेवटी चाचणीच्या अणुभट्टीत ठेवावंच लागतं.