परत न गेलेल्या चिप्स: कॅसिनोच्या चिप आणि टोकन संग्रहामागचा इतिहास

2014 मध्ये लास व्हेगसच्या फ्रीमाँट स्ट्रीटवरच्या गोल्डन गूज या बंद पडलेल्या कॅसिनोची एक चिप 75,000 डॉलरला विकली गेली. चिपवर छापलेली किंमत होती 5 डॉलर. ती मौल्यवान धातूची नव्हती, खेळाच्या टेबलावर पैशांऐवजी दिवसभर सरकत राहणारी एक साधी गोल चकती होती. तिच्यासोबत घडवलेल्या जवळजवळ सगळ्या चिप्स कॅसिनोकडे परत गेल्या आणि ही मागे राहिली, म्हणून तिला एवढी किंमत आली.

चिप आणि नाणं यांत मूळ फरक हाच आहे. नाणं पाडतात ते लोकांच्या हातात फिरत राहावं म्हणून, चिप घडवतात ती परत यावी म्हणून. लास व्हेगस ज्यात येतं त्या नेवाडा राज्याच्या जुगार नियमावलीचा बारावा नियम याबाबत स्पष्ट आहे: चिप म्हणजे ती बाळगणाऱ्याला कॅसिनो पैसे देणं लागतो याची खूण आहे आणि तिची मालकी कॅसिनोकडेच राहते. कॅसिनो बंद झाला की चिप्स वटवण्यासाठी 120 दिवसांची मुदत द्यावी लागते आणि परत आलेला साठा नष्ट करायचा असतो. त्यानंतर कुणाच्या खिशात चिप उरली, तर तिची दर्शनी किंमत संपते. संग्राहकाच्या लेखी तिची खरी किंमत तिथून पुढे सुरू होते.

नवख्याला चकवणारी एक गोष्टही यातून उलगडते. 100 डॉलरची चिप सहसा कुणी खिशात विसरून जात नाही. 1 किंवा 5 डॉलरची चिप मात्र सहलीची आठवण म्हणून सहज ठेवली जाते. त्यामुळे जुन्या कॅसिनोच्या मोठ्या रकमेच्या चिप्स बहुधा जास्त दुर्मीळ असतात. आणि गोल्डन गूजसारख्या छोट्या जागेची तर 5 डॉलरचीसुद्धा शोधून सापडत नाही.

या चकतीचा उगम जुगारात नाही, हिशेबात आहे. मध्ययुगीन युरोपात आकडेमोडीसाठी आखलेल्या पाटावर धातूच्या चकत्या मांडत. फ्रेंचमध्ये त्यांना ‘जेतों’ म्हणत. लेखी आकडेमोड रुळली तसा पाट अडगळीत गेला आणि चकत्या पत्त्यांच्या टेबलावर आल्या. अठराव्या शतकात इंग्लंडमधली श्रीमंत घराणी चीनमधल्या कँटनच्या कारागिरांकडून मोतीशिंपल्याच्या चकत्या करवून घेत. काही गोल, काही माशाच्या आकाराच्या, आणि त्यांवर घराण्याचं चिन्ह नाजूक कोरलेलं असे. चकती कुणाची हे तिच्यावरच लिहायचं, ही कल्पना तेव्हापासूनची.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात पोकर आणि फॅरो हे पत्त्यांचे खेळ पसरले. तेव्हा चिप्स हाडाच्या, लाकडाच्या, हस्तिदंताच्या असत. (हस्तिदंती चिप्सच्या खरेदी-विक्रीवर आता अनेक ठिकाणी कडक बंधनं आहेत, हे व्यवहाराआधी लक्षात घ्यायलाच हवं.) 1880 च्या दशकापासून चिकणमाती आणि इतर द्रव्यांचं मिश्रण दाबून बनवलेल्या चिप्स आल्या. त्या स्वस्त होत्या, आणि तीच अडचण झाली: साधी चिप दुकानात कुणालाही मिळे, लबाड खेळाडू ती आणून टेबलावरच्या ढिगात मिसळी. म्हणून अड्डेवाले चिपवर नक्षी उमटवू लागले, मधोमध छापील चकती बसवू लागले, नावाची आद्याक्षरं सोनेरी छापात घालू लागले. आज संग्राहक ज्या खुणांवर जीव टाकतो, त्यातल्या बहुतेक अशा चोरी रोखण्याच्या धडपडीतून आल्या आहेत.

19 मार्च 1931 रोजी नेवाडाने जुगार कायदेशीर केला. बाकी राज्यांत जुगाराचे क्लब चालूच होते, फक्त चोरून. त्यांच्या चिप्सवर पूर्ण नाव नसे, नुसती दोन-तीन अक्षरं. 1950-51 मध्ये सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने संघटित गुन्हेगारीची जाहीर चौकशी केली आणि 1951 च्या जॉन्सन कायद्याने नाणं टाकून खेळायची स्लॉट मशीन राज्याबाहेर नेण्यावर बंधनं आणली. बेकायदा क्लब एकामागून एक बंद पडले, चिप्स तळघरांत पडून राहिल्या. त्या कुठल्या क्लबच्या, हे आज कळतं ते चिप बनवणाऱ्यांच्या जुन्या ऑर्डर-नोंदींवरून: कुठली अक्षरं, कुठला रंग, किती नग, कुणाच्या पत्त्यावर. मला या छंदातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. एका बाजूला बेवारस चकती, दुसऱ्या बाजूला नोंदीची एक ओळ; दोन्ही जुळल्या की पुसून टाकलेली एक जागा पुन्हा नकाशावर येते.

कायदेशीर जागांच्या चिप्सही कमी बोलत नाहीत. मे 1955 मध्ये उघडलेलं मुलँ रूज हे लास व्हेगसमधलं गोऱ्या-काळ्यांना एकत्र प्रवेश देणारं पहिलं कॅसिनो-हॉटेल. वर्ष संपायच्या आत ते बंद पडलं. तिथली चिप हातात घेणं म्हणजे त्या काही महिन्यांचा पुरावा हातात घेणं. क्युबातल्या हवानाच्या चिप्सचंही तसंच: रिव्हिएरा हॉटेल डिसेंबर 1957 मध्ये थाटात उघडलं आणि 1959 च्या क्रांतीने तिथल्या कॅसिनोंचा काळच संपवला.

चिप पारखायची कशी, तर आधी कडेकडे बघून. कॅसिनोची जुनी चिप सुमारे 39 मिलिमीटर व्यासाची आणि बहुधा 8.5 ते 10.5 ग्रॅम वजनाची असते. घरगुती संचांतल्या चिप्स आत धातूचा तुकडा घालून जड केलेल्या असतात, त्यामुळे ‘जड म्हणजे अस्सल’ हा समज उलटा आहे. कडेचे रंगीत ठिपके रंगवलेले नसतात; वेगळ्या रंगाचे तुकडे कापून बसवतात आणि सगळं एकत्र तापवून दाबतात, म्हणून ठिपका कडेवरून पृष्ठभागावर सलग चढतो. कोरी चिप टेबलावर उभी केली तर तिची धार कातरल्यासारखी दिसते. वापरलेलीची धार गोलावते, सोनेरी अक्षरांच्या खाचेत मळ बसतो. परिघावर साच्याची नक्षी असते. 1963 मध्ये लास व्हेगसमध्ये सुरू झालेल्या पॉल-सन या चिप बनवणाऱ्या कंपनीची टोपी-काठीची नक्षी ओळखू आली, तर त्या साच्यात 1940 च्या दशकातली चिप असूच शकत नाही, हे भिंगाशिवायही सांगता येतं. चिप घासून ‘चमकवणाऱ्या’ मंडळींना हात जोडून सांगावंसं वाटतं की तसं करू नका. गेलेली धार परत येत नाही.

टोकनची कथा वेगळ्या टंचाईतून सुरू होते. नेवाडातल्या स्लॉट मशीनमध्ये चांदीचा खरा डॉलर पडत असे. चांदी महागली, लोक डॉलर साठवू लागले आणि मार्च 1964 मध्ये अमेरिकी सरकारने चांदीचे डॉलर देणं थांबवलं. मशीन अडली. मग 1965 पासून कॅसिनोंनी स्वतःची धातूची टोकनं पाडून घ्यायला सुरुवात केली, त्यात फ्रँकलिन मिंट या खासगी टांकसाळीचा वाटा मोठा होता. याच टांकसाळीने संग्राहकांसाठी झगझगीत नमुनेही विकले. दिसायला ते देखणे, पण मशीनच्या पोटातून गेलेलं, ओरखडे पडलेलं टोकन मला जास्त जवळचं वाटतं. बनावटीची जोखीम टोकनांना जास्त: 1996 मध्ये ऱ्होड आयलंडच्या एका कारागिराला अटक झाली, तेव्हा त्याची टोकनं अस्सलपासून वेगळी काढताना तपासणाऱ्यांचीही दमछाक झाली. 2000 नंतर मशीन छापील तिकिटं देऊ लागली आणि काही वर्षांतच टोकनं हद्दपार झाली.

संग्रह हा संघटित छंद झाला 1988 मध्ये, अमेरिकेत चिप आणि टोकन संग्राहकांचा क्लब निघाला तेव्हा. वेळही तीच होती. पुढच्या काही वर्षांत लास व्हेगसमधले जुने कॅसिनो पाडले जाऊ लागले: ड्यून्स 1993 मध्ये, सँड्स आणि हॅसिएंडा 1996 मध्ये सुरुंग लावून पाडले गेले. परत आलेल्या चिप्स नव्या इमारतींच्या पायात काँक्रीटखाली गाडल्याची उदाहरणं आहेत, आणि पुढे खोदकामात निघालेल्या, सिमेंट चिकटलेल्या चिप्सनाही गिऱ्हाईक मिळालं. एवढी मागणी बघून कॅसिनोंनी 1990 च्या दशकात खास ‘मर्यादित आवृत्ती’च्या चिप्सचा पूर आणला. त्यांचं गणित सोपं होतं: चिप बनवायला लागतो तिच्या किमतीचा लहानसा भाग, आणि ती घरी गेली की उरलेली सगळी रक्कम नफा. अशा चिप्स हजारोंनी जपल्या गेल्या आहेत, म्हणून बहुतेकांना दर्शनी किमतीच्या पुढे फारसा भाव येत नाही. कधीच न चाललेल्या, निव्वळ विक्रीसाठी जुन्या कॅसिनोंच्या नावाने बनवलेल्या चिप्सही बाजारात आहेत. त्यांना ‘फँटसी’ म्हणतात आणि नवखा संग्राहक पैसे घालवतो तो बहुधा तिथेच.

ड्यून्सच्या जागेवर 1998 मध्ये बेलाजिओ हे कॅसिनो-हॉटेल उभं राहिलं. 14 डिसेंबर 2010 रोजी हेल्मेट घातलेल्या एका मोटरसायकलस्वाराने पिस्तुलाच्या धाकावर तिथून सुमारे 15 लाख डॉलरच्या चिप्स पळवल्या. कॅसिनोने 25,000 डॉलरच्या चिप्सचा तो संचच रद्द केला आणि वटवण्याची शेवटची तारीख दिली 22 एप्रिल 2011. चोर त्याआधीच चिप्स विकायच्या प्रयत्नात पकडला गेला.

लास व्हेगसमधल्या जुन्या कॅसिनो-हॉटेलांपैकी 2024 च्या एप्रिलमध्ये ट्रॉपिकाना आणि जुलैमध्ये मिराज बंद झालं. शेवटच्या दिवसांत लोकांनी 1 आणि 5 डॉलरच्या चिप्स मुठी भरभरून नेल्या. त्या जरूर ठेवाव्यात, पण ट्रॉपिकानाची चिप शोधायची असेल तर 1957 च्या पहिल्या संचातली शोधावी. तेव्हा ती जपून ठेवावी असं कुणाच्या मनातही नव्हतं.