मृत्यूचा दाखला काढताना: नमुना ४, ४-अ आणि 'कारणा'चा रकाना

घरातलं माणूस गेलं की पहिल्या दोन दिवसांत कागद कुणाला सुचत नाहीत. स्मशानातली पावती खिशात पडून राहते आणि दहावं-तेरावं उरकल्यावर कुणीतरी विचारतं, "दाखल्याचं काय केलंत?" तोवर निम्मी मुदत संपलेली असते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते.

नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे, राहत्या पत्त्यावर नाही. साताऱ्याच्या खेड्यातलं माणूस पुण्यातल्या दवाखान्यात वारलं, तर दाखला पुणे महापालिकेचा. गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालून उपयोग नाही. दवाखान्यातल्या मृत्यूची खबर दवाखान्यानेच द्यायची असते. घरी मृत्यू झाला तर कुटुंबप्रमुख किंवा जवळचा नातेवाईक खबर देतो: गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात. जाताना मृत व्यक्तीचं आणि खबर देणाऱ्याचं आधार, पत्त्याचा पुरावा, स्मशानातली किंवा दफनभूमीतली पावती आणि डॉक्टरांचं कारण-प्रमाणपत्र न्यावं. नाव आधारवर जसं आहे तसंच लिहून घ्या. 'रामचंद्र' आणि 'रामचंद्रराव' यांच्यात बँक फरक करते.

आता कारण-प्रमाणपत्राबद्दल, कारण लोक नेमके इथेच गाफील राहतात. दवाखान्यातल्या मृत्यूसाठी नमुना ४ हा फॉर्म असतो. घरच्या मृत्यूसाठी नमुना ४-अ. तो शेवटच्या आजारात ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांनी द्यायचा, आणि त्यासाठी पैसे घ्यायचे नाहीत. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली, ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. तिच्यानुसार रुग्णालयाने हे प्रमाणपत्र निबंधकाला, म्हणजे नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, पाठवून त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला मोफत द्यायची आहे. ती मागून घ्या, कारण आपल्या हाती येणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापलेलंच नसतं. कायद्यानेच ते उघड करायला मनाई आहे. विमा कंपनीने कारण विचारलं की ही प्रत कामी येते. अपघात, आत्महत्या, विषबाधा किंवा संशय असेल तर मात्र ४-अ साठी फॅमिली डॉक्टरांना गळ घालू नका. तिथे पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन हाच मार्ग.

माझ्या मामांच्या कागदावर एकच ओळ होती: 'हृदयक्रिया बंद पडली.' अहो, ती सगळ्यांचीच पडते! अठरा वर्षांचा मधुमेह, तीन वर्षं अधू झालेल्या किडन्या, यांतलं काहीच कागदावर नव्हतं. नमुन्यात ओळी असतात त्या याचसाठी. पहिल्या ओळीत तात्काळ कारण, खाली त्यामागचं, सर्वांत खाली मूळ आजार, आणि प्रत्येकासमोर तो किती काळ होता ते. मामांचा कागद नीट भरला असता तर वर रक्तात साचलेला युरिया, त्याखाली निकामी किडनी आणि तळाला मधुमेह आला असता. त्यांचा रक्तदाब नमुन्याच्या दुसऱ्या भागात, म्हणजे मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर आजारांत, गेला असता. देशाच्या आकडेवारीत मोजला जातो तो तळाचा आजार. कारण ठरवायचं ते डॉक्टरांनीच, आपण सांगून लिहून घ्यायचं नाही. पण जुनी फाईल, गोळ्यांची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड समोर ठेवणं आपल्या हातात आहे. नोंदीसाठी भरायच्या मृत्यूच्या अहवालात तंबाखू, सुपारी, दारू किती वर्षं होती असंही विचारतात. तिथे लाजेने 'नाही' लिहू नका.

भारतात १९९० साली एकूण मृत्यूंपैकी ३७.९ टक्के मृत्यू हृदयविकार, मधुमेह, कर्करोग, दमा अशा असंसर्गजन्य आजारांनी होत. २०१६ पर्यंत हे प्रमाण ६१.८ टक्क्यांवर गेलं, असा आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि तिच्यासोबत काम करणाऱ्या संस्थांचा अंदाज आहे. अंदाज म्हणायचं, कारण २०२० मध्ये नोंदवलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांनाच डॉक्टरांचं कारण-प्रमाणपत्र होतं. गोव्यात मात्र त्या वर्षी ते शंभर टक्के मृत्यूंना मिळालं. बाकी ठिकाणी बराचसा हिशोब निवडक घरांच्या पाहणीवर चालतो: घरी जाऊन नातेवाइकांना लक्षणं विचारायची आणि त्यावरून कारण ठरवायचं.

२१ दिवस उलटले तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्कावर भागतं. त्यानंतर वर्षाच्या आत जिल्हा निबंधकाची किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं तर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो, आणि त्यात महिने जातात. वेळेत नोंद झाली तर खबर देणाऱ्याला सात दिवसांत पहिली प्रत मोफत मिळायला हवी. तिच्यासोबत चार-पाच जादा प्रती पैसे भरून काढून ठेवा. बँक, विमा, पेन्शन, वारस नोंद, जो तो आपली वेगळी मागतो.