खुर्द्याची गणती: कबर नसलेल्या वैमानिकाची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात विशी-बाविशीत मारल्या गेलेल्या बॉम्बफेकी विमानाच्या वैमानिकाची आठवण काढायची, तर गाडी पहिल्यांदा अडते ती एका साध्या प्रश्नाशी. फूल वाहायचं कुठे?

पुण्याला हा प्रश्न जुना आहे. १७६१ मध्ये पानिपतची बातमी पेशव्यांना कळली ती सावकारी पत्रातून: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि खुर्दा (म्हणजे साधे शिपाई) किती गेला याची गणती नाही. सेनापती सदाशिवरावभाऊ पडले हे त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत मानलं नाही. १७८३ मध्ये त्या गेल्या, त्या सौभाग्यलेणं अंगावर ठेवूनच. मधल्या काळात भाऊंचा तोतयाही उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. प्रेत डोळ्यांनी पाहिलं नाही की माणूस संपत नाही, हे पुणेकरांना कुणी वेगळं सांगायला नको. आपल्याकडे त्यासाठीच पालाशविधी आहे: देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी द्यायचा.

बॉम्बफेकी विमानांच्या बाबतीत तर देह न मिळणं हे नेहमीचंच. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख उड्डाणकर्मी होते, सगळे स्वेच्छेने आलेले. त्यातले ५५,५७३ मेले. लँकेस्टर विमानात सात जण असत. पोटात बॉम्ब, पंखांत पेट्रोल आणि बहुतेक प्रवास रात्रीचा. विमान पेटलं तर ओळखण्याजोगं थोडंच उरे, समुद्रात पडलं तर तेही नाही. घरी तार यायची ती ‘बेपत्ता’ एवढीच. साधारण सहा महिने काही कळलं नाही, तर सरकारी कागदापुरता मृत्यू गृहीत धरत. आईने किती दिवस धरायचा, ते तिच्यावर.

या बेपत्तांची नावं दगडावर आली, त्यामागे १९१७ चा एक निर्णय आहे. त्या वर्षी ब्रिटिश साम्राज्याने युद्धकबरींसाठी आयोग नेमला. अधिकारी असो वा शिपाई, दगड सारखाच. कबर नसेल तर नाव तरी कोरायचं. थोडक्यात, खुर्दाही मोजायचा. लंडनजवळ रनीमीड इथे १९५३ मध्ये खुलं झालेलं स्मारक त्यातूनच उभं राहिलं. ज्यांची कबर कुठेच नाही अशा हवाई दलातल्या वीस हजारांहून अधिक जणांची नावं तिथे आहेत. (हिशेब सगळ्यांसाठी सारखा नव्हता. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक भारतीय आणि आफ्रिकी सैनिकांची नावं कोरलीच गेली नाहीत. आयोगाने त्याबद्दल माफी मागितली ती थेट २०२१ मध्ये.)

आपल्या खडकीतलं युद्ध-कबरस्तान याच आयोगाकडे आहे. पश्चिम आणि मध्य भारतात ज्या कबरींची कायमची देखभाल होण्याची खात्री नव्हती, त्या इथे आणल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी इथे आहेत. त्यात हवाई दलाची पोरंही आहेत. पोरंच म्हणायचं, दगडांवरची वयं वाचली की दुसरा शब्द सुचत नाही.

लोहगावचा विमानतळ १९३९ चा, मुंबईच्या रक्षणासाठी बांधलेला. पुढे तिथे भारतीय हवाई दलाची कॅनबेरा ही बॉम्बफेकी विमानं आली आणि १९७१ च्या युद्धातही ती होती. त्या युद्धातही काही वैमानिक परतले नाहीत आणि काहींच्या नावापुढे ‘बेपत्ता’ लागलं ते लागलंच. सात वर्षं माणसाची खबर नसेल तर कायदा त्याला मृत मानू शकतो. रूढीत बारा वर्षं वाट पाहायची. पार्वतीबाईंनी बावीस वर्षं पाहिली.

खडकीसारख्या ठिकाणी ज्याला कबर मिळाली, त्याच्या घरच्यांना दगडाच्या तळाशी स्वतःची एक ओळ कोरून घेता येत असे. मर्यादा मोजक्या अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. रनीमीडच्या भिंतीवर ही सोय नाही. तिथे हुद्दा आणि नाव, त्याखाली लगेच पुढच्याचं नाव.