आर्चबिशप्स हाऊस, कार्लाइल प्लेस (लंडन)

वेस्टमिन्स्टरच्या कॅथलिक आर्चबिशपांचे लंडनमधील एकोणिसाव्या शतकातील निवासस्थान. कार्डिनल हेन्री एडवर्ड मॅनिंग (१८०८–९२) १८७३ मध्ये येथे राहावयास आले व मृत्यूपर्यंत येथेच राहिले.

पोप नववे पायस यांनी १८५० मध्ये इंग्लंडात कॅथलिक धर्मप्रांतांची पुनःस्थापना केली आणि निकोलस वाइझमन यांना वेस्टमिन्स्टरचे पहिले आर्चबिशप नेमले. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत इंग्लंड पोपच्या सत्तेपासून वेगळे झाल्यानंतर रोमने इंग्लंडातील शहराच्या नावाने बिशप नेमावा, हे अनेक प्रॉटेस्टंटांना आक्रमणच वाटले. त्या वर्षीच्या ५ नोव्हेंबरला (१६०५ मधील कॅथलिकांचा कट फसल्याच्या वार्षिक उत्सवात) ठिकठिकाणी पोप व वाइझमन यांचे पुतळे जाळण्यात आले. पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल यांनीही या रोषाला खतपाणी घातले. पुढल्याच वर्षी अशा पदव्या धारण करणाऱ्यास १०० पौंड दंड ठरविणारा कायदा झाला. प्रत्यक्षात तो कोणावरही चालविला गेला नाही आणि १८७१ मध्ये रद्द झाला.

या गदारोळात वाइझमन यांनी इंग्रज जनतेला उद्देशून एक आवाहन प्रसिद्ध केले. वेस्टमिन्स्टर ॲबे या अँग्लिकन (प्रॉटेस्टंट) चर्चचे वैभव आपल्याला नको असून तिच्या मागच्या गल्लीबोळांत दारिद्र्याने पिचलेली वस्तीच आपल्याला हवी आहे, असा त्याचा आशय होता. त्या वस्तीतील मोठा कॅथलिक समूह आयरिश होता. उत्तर मार्मिक असले, तरी वाइझमन यांचा स्वतःचा मुक्काम तेव्हा सोहो भागातील गोल्डन स्क्वेअर येथे होता. पुढे ते बेकर स्ट्रीटजवळच्या यॉर्क प्लेसमध्ये गेले व तेथेच १८६५ मध्ये वारले. म्हणजे पदवी वेस्टमिन्स्टरची, घर मात्र दुसरीकडे, अशी स्थिती दोन दशकांहून अधिक काळ राहिली.

वाइझमन यांच्यामागून आर्चबिशप झालेल्या मॅनिंग यांनी ती संपविली. व्हॉक्सहॉल ब्रिज रोडजवळची जी इमारत त्यांनी घेतली, ती राजवाडा म्हणून बांधलेली नव्हतीच. गार्ड्स या राजरक्षक पलटणींतील शिपायांच्या विरंगुळ्यासाठी १८६० नंतरच्या दशकात उभारलेली ती संस्था चालली नव्हती. उंच छताच्या, प्रशस्त पण ओक्याबोक्या खोल्या आणि बराकीसारखे एकंदर रूप यांमुळे भेटीस येणाऱ्यांना घर उदास वाटे. मॅनिंग यांच्या विरक्त राहणीला ते साजेसेच होते. कॅथेड्रलसाठी (आर्चबिशपांच्या मुख्य चर्चसाठी) जवळपास जमीन मिळविण्याची खटपट त्यांनी केली, परंतु गरीब कॅथलिक मुलांच्या शाळा आधी, दगडविटा नंतर, हा क्रम सोडला नाही. वयाच्या ८१ व्या वर्षी, १८८९ च्या गोदी कामगारांच्या संपात मध्यस्थीसाठी धावाधाव केली, तीही याच घरात राहत असताना. १४ जानेवारी १८९२ रोजी त्यांचे येथे निधन झाले, तेव्हा अंत्यदर्शनासाठी लोटलेल्या गर्दीत मजुरांचा भरणा मोठा होता.

त्यांच्यामागून आलेल्या हर्बर्ट व्हॉन यांनी, मॅनिंग यांच्या काळात मिळविलेल्या जुन्या तुरुंगाच्या जागेवर, १८९५ मध्ये कॅथेड्रलची पायाभरणी केली. त्याला लागूनच ॲम्ब्रोस्डन ॲव्हेन्यूवर नवे आर्चबिशप्स हाऊस उभे राहिल्यावर कार्लाइल प्लेसचे घर सुटले. ती इमारत मॅनिंग हाऊस या नावाने अद्याप उभी असून कार्यालयांसाठी वापरली गेली आहे.